लो, मीडियम, हाय... आणि आपली टाकी

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या पोराच्या हातात कुठलंही मशीन द्या, तो मॅन्युअल न वाचता ते चालू करणार, आणि वर दुसऱ्याला शिकवणारही! मीही त्यातलाच एक. थर्मोडायनॅमिक्सचे पेपर दिले, फ्लुइड मेकॅनिक्सचे व्हायवा दिले, पण हॉस्टेलच्या वॉशिंग मशीनवर 'वॉटर लेव्हल' नावाचं जे एक बटण असतं, ते नेमकं कशासाठी आहे याचा विचार मी दोन वर्षं केला नव्हता. पैसे टाकल्यासारखं बटण दाबायचं, दिवा 'हाय'वर आणायचा आणि रूमवर येऊन झोपायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ, एवढं साधं सोपं गणित.

ते गणित एका रविवारी चुकलं.

रविवार म्हणजे आपल्याकडे कपड्यांचा वार. त्यात सोमवारपासून सबमिशन. सकाळी सातपासून मशीनपुढे बादल्यांची रांग. मी नंबर लावून दोन जीन्स, तीन टी-शर्ट आणि एक टॉवेल टाकला, सवयीप्रमाणे 'हाय' केलं आणि नाश्त्याला गेलो. दुपारी एकच्या सुमारास गच्चीवरची टाकी रिकामी झाली. लाइट गेलेली, मोटार बंद. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे तर अंगाला साबण लावून बाथरूममध्ये अडकले, त्यावर आम्ही दिवसभर हसलो. पण संध्याकाळी मेसमध्ये गेलो तेव्हा हसू थांबलं. भांडी घासणाऱ्या मावशी गेटजवळच्या हौदातून बादल्या भरून आणत होत्या. दुपारच्या दीडशे ताटांचा ढीग तसाच पडलेला. मी एक बादली धरली तर म्हणाल्या, "राहू दे भाऊ, तुला अभ्यास असेल." त्या काही टोचून बोलल्या नाहीत. टोचलं ते मलाच.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : पुढील सूचनेपर्यंत वॉशिंग मशीनचा वापर बंद.

या लेखाचं कारण ती नोटीस. ग्रुपवर त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, "आम्ही फी भरतो, मशीन बंद करणारे हे कोण?" दुसरा म्हणाला, "बरं झालं, हाताने धुवा, व्यायाम होईल." माझं मत या दोघांच्याही विरुद्ध आहे. मशीन बंद करणं चूक आहे, आणि ज्या पद्धतीने आपण ते वापरत होतो तेही चूकच होतं. मधला रस्ता त्या बटणातच आहे.

आधी ते बटण काय करतं ते पाहू. वरून झाकण उघडणाऱ्या, म्हणजे टॉप लोड मशीनच्या टबाच्या तळाशी एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी वर पॅनेलपर्यंत जाते. टबात पाणी चढू लागलं की नळीतली हवा कोंडली जाते आणि तिचा दाब वाढतो. वरच्या टोकाला प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो. ठरलेला दाब आला की तो सांगतो 'बस', आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो. पाण्याची उंची एक सेंटिमीटर वाढली की दाब साधारण ९८ पास्कलने वाढतो. सेकंड इयरला आपण पाठ केलेलं 'रो जी एच' ते हेच! 'लो', 'मीडियम', 'हाय' म्हणजे मशीनने कुठल्या उंचीला 'बस' म्हणायचं, एवढंच. कपडे किती आहेत हे त्या बिचाऱ्या नळीला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं.

आता यातली खरी गोम. तुम्ही बटण एकदाच दाबता, पण मशीन तुमचा हुकूम प्रत्येक वेळी पाळतं. एकदा साबणाच्या पाण्यासाठी आणि नंतर विसळण्यासाठी साधारण दोनदा, असा टब तीन वेळा त्याच पातळीपर्यंत भरतो आणि तीन वेळा गटारीत रिकामा होतो. बंदीच्या काळात रेक्टर सरांची परवानगी काढून आम्ही चौघांनी आमच्या मजल्यावरचं मशीन रिकामंच चालवलं आणि ड्रेन पाइप रंगाच्या २० लिटरच्या बादलीत धरून मोजलं. एका भरण्याला 'लो'वर साधारण २८ लिटर, 'मीडियम'वर ४० आणि 'हाय'वर ५५. (तुमच्या मजल्यावरचं मशीन वेगळं असेल तर आकडे वेगळे येतील. मोजून बघा, तासाभराचं काम आहे.) तीनने गुणा. 'लो'ची एक धुलाई ८४ लिटर, 'मीडियम'ची १२० आणि 'हाय'ची १६५ लिटर.

१६५ लिटर म्हणजे किती? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे सगळं त्यात. म्हणजे माझ्या दोन जीन्स, तीन टी-शर्ट आणि एका टॉवेलसाठी मी एका माणसाचं तीन दिवसांचं पाणी नाश्ता होईपर्यंत संपवलं होतं.

काही जण म्हणतील, "पण कमी पाण्यात कपडे निघत नाहीत." अर्धं खरं आहे. मशीन गच्च भरून 'लो' लावलं तर कपडे फिरतच नाहीत. खालची फिरकी अडते, मोटारीवर ताण येतो, पावडर विरघळत नाही आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे येतात. ते पट्टे घालून प्रॅक्टिकलला आलेले महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत! पण उलटंही तितकंच खरं आहे. चार कपड्यांना 'हाय' लावलं तर कपडे नुसते तरंगतात. टॉप लोड मशीनमध्ये कपडे निघतात ते साबण आणि घासणं या दोन्हींमुळे, आणि घासणं म्हणजे कपड्यावर कपडा आणि फिरकीवर कपडा. पाणी फार झालं की ते घासणं कमी होतं. शिवाय तेवढ्याच पावडरीत दुप्पट पाणी म्हणजे साबणही पातळ. मग आपण काय करतो? अजून एक मूठ पावडर टाकतो. मग फेस जात नाही म्हणून परत एकदा विसळायला लावतो. पुन्हा ५५ लिटर! आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण आधीच कमी काम करतो, त्यात हे.

म्हणून माझं म्हणणं 'सगळ्यांनी लो लावा' असं मुळीच नाही. कपड्यांइतकं पाणी, एवढंच म्हणणं आहे. आणि यात एक गंमत आमच्या लक्षात आली. एकट्याने थोडे कपडे 'लो'वर धुतले तर माणशी ८४ लिटर लागतात. दोघांनी मिळून मशीन नीट भरून 'हाय'वर धुतले तर १६५ चे निम्मे, म्हणजे माणशी साडेब्याऐंशी. जवळपास सारखंच! 'हाय' मुळात वाईट नाही. वाईट आहे ते एकट्याचं 'हाय'. समजा हॉस्टेलमध्ये २०० मुलं आहेत आणि प्रत्येक जण आठवड्यात एकदा एकट्याने 'हाय' लावतो. ३३,००० लिटर. तीच मुलं जोडीने लावतील तर १६,५००. उरलेल्या साडेसोळा हजारांत १० हजार लिटरचा एक टँकर भरून वर आणखी बरंच उरतं. शिवाय मशीनचे नंबर निम्मे होतात, म्हणजे रविवारची रांग आणि भांडणंही निम्मी.

'ऑटो' मोडवाल्यांसाठी एक सूचना. काही मशीन पाणी घेण्याआधी फिरकी कोरडीच थोडी फिरवून वजनाचा अंदाज घेतात आणि पातळी स्वतः ठरवतात. पण आपण रात्री कपडे बादलीत भिजवून सकाळी ओलेच टाकतो. ओला कपडा जड, मशीनला वाटतं लोड मोठा, आणि ते जास्त पाणी घेतं. मशीन हुशार आहे, पण तुम्ही खोटं सांगितलं तर ते तरी काय करणार? ओले कपडे टाकायचे असतील तर पातळी हाताने ठरवा. आणि वरच्या मजल्यावरच्यांनो, "आमचं मशीन भरायलाच पाऊण तास लागतो, खराब आहे," अशी तक्रार करण्याआधी टाकी तुमच्या डोक्यावर किती उंच आहे ते बघा. १० मीटर उंचीला एक बार दाब. टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असेल तर पाणी करंगळीएवढंच येणार. त्यात मशीनचा दोष नाही.

दिवाळीनंतर आई हॉस्टेलवर आली होती. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. घरी सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. आपल्या धुळे-जळगावकडे बहुतेक घरांत ते का दिसतं, याचा कधी विचार केलाय? स्वस्त असतं हे एक कारण, पण एकच नव्हे. नळाला रोज पाणी येत नाही. आलं की ड्रम, हौद, हंडे भरून ठेवायचे. चोवीस तास नळ चालू असल्याशिवाय फुल ऑटोमॅटिक मशीन काय कामाचं? सेमीमध्ये बादलीने पाणी ओतता येतं. आईची पद्धत ठरलेली. आधी पांढरे कपडे, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, मग वडिलांचे शेतातले आणि शेवटी पायपुसणी. विसळलेलं पाणी बादलीत धरून ठेवायचं, ते ओटा आणि संडास धुवायला. टबावरच्या रेघेपेक्षा बोटभरसुद्धा जास्त पाणी ती ओतत नाही. तिला वॉटर लेव्हल कोणी शिकवली नाही, पण ती तिला माझ्यापेक्षा चांगली कळते.

त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात तिला आमचं मशीन दाखवलं. बटण दाबलं, कपडे टाकले, बघ, आता हात लावायचा नाही! ती शेजारी उभी राहून गटारीत पडणारी धार बघत राहिली आणि म्हणाली, "हाई इतलं पानी कोठे जाई ऱ्हायनं रे भाऊ?" मी म्हणालो, "गटारीत." ती काही बोलली नाही. तिने मेसच्या मावशींकडून बादली मागून आणली आणि पाइपाखाली लावली. माझ्या मित्रांसमोर मला लाज वाटली, हे कबूल करतो. आज त्या लाजेची लाज वाटते.

मित्रांनो, पाणी मोजून वापरणं हे आपल्या खान्देशाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे कुणाची पाण्याची ओढ कमी नाही, कुणाची जास्त नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या. पाणी कमी असलं तर कुठल्या फडाला द्यायचं हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे. ज्याचं शेत पाटाच्या तोंडाशी त्याने मनाला येईल तेवढं घ्यायचं, असं तिथे चालत नव्हतं. आपल्या हॉस्टेलमध्ये मात्र ज्याचा नंबर सकाळी सातला, त्याचं 'हाय'!

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या फोटोला आपण दर १५ सप्टेंबरला हार घालतो. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्याच दिवसांत आपल्या खान्देशात आले. दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचं पाणी पलीकडे नेणारा सायफन हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. पुढे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. तलावात पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, आणि पाणी उतरलं की आपोआप मिटायचे. 'पाण्याची पातळी ओळखा आणि त्याप्रमाणे वागा', हीच ती कल्पना. आपल्या मशीनमधला प्रेशर स्विच म्हणजे त्याच विचाराचं बोटभर रूप. हार घालायचा तर त्या कल्पनेलाही घालू या, वर्षातून एक दिवस नव्हे, दर रविवारी.

जवळची उदाहरणंही कमी नाहीत. जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबक सिंचन घराघरात पोहोचवलं. ठिबक म्हणजे काय, तर पाणी शेताला न देता झाडाच्या मुळाला द्यायचं, जेवढं लागेल तेवढंच. शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली. बारीपाड्याने चैत्राम पवारांबरोबर जंगल राखलं आणि पाणी अडवलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही माणसं पाणी थेंबाथेंबाने जमिनीत मुरवतात, आणि आपण शिकले-सवरलेले भावी इंजिनिअर ते बोअरने उपसून चार टी-शर्टांमागे १६५ लिटर गटारीत सोडतो. कुठेतरी काहीतरी चुकतंय, नाही का?

"पण एका मशीनने काय होणार? सगळं पाणी तर शेतीला आणि कारखान्यांना जातं," असा एक युक्तिवाद हमखास येतो. जिल्ह्याच्या हिशोबात आपलं मशीन दिसणारही नाही, मान्य. पण आपली टाकी जिल्ह्याची नाही, हॉस्टेलची आहे. ती रविवारी दुपारी एकला रिकामी झाली ती कुठल्या कारखान्यामुळे नव्हे. ती आपण रिकामी केली, आणि तिची किंमत मावशींच्या खांद्यांनी मोजली. हे गणित एवढं जवळचं आहे की ते टाळायला जागाच नाही.

आणि बंदीबद्दल रेक्टर सरांना नम्र विनंती. मशीन बंद केलं की मुलं नळ सोडून हाताने धुतात, आणि वाहत्या नळाखाली विसळणाऱ्याला 'बस' म्हणणारा कुठलाही प्रेशर स्विच नसतो. पाणी वाचेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी करून बघू या :

१) प्रत्येक मशीनच्या झाकणावर मराठीत तक्ता लावावा. टब एक तृतीयांश भरला तर 'लो', अर्धा भरला तर 'मीडियम', पाऊण भरला तर 'हाय'. पाऊणच्या वर भरायचंच नाही, कपड्यांना फिरायला जागा हवी.

२) शनिवार-रविवार 'हाय' फक्त जोडीने. रजिस्टरमध्ये दोन नावं असतील तरच.

३) ड्रेन पाइप गटारीऐवजी ड्रममध्ये सोडावा. शेवटच्या विसळण्याचं पाणी संडास आणि व्हरांड्यासाठी सहज चालतं.

४) पावडर मुठीने न टाकता मापाच्या चमच्याने टाकावी. कमी फेस म्हणजे एक विसळणं कमी.

५) खिसे तपासावेत. नाणं किंवा बटण ड्रेन व्हॉल्व्हमध्ये अडकलं की पाणी भरता भरताच गळतं. पातळी काही येत नाही, आणि नळीत हवेचा दाब न झाल्याने जुनं मशीन पाणी घेतच राहतं.

६) प्रत्येक मजल्याला एक पाटकरी. पंधरा दिवसांनी पाळी बदलेल. त्याचं काम दंड करायचं नाही, फक्त विचारायचं, "भो, कपडे किती? लेव्हल कोणती?"

स्टाफ क्वार्टर्समधल्या सरांना आणि मॅडमनाही हे लागू आहे बरं का! टाकी वेगळी असेल, बोअर एकच आहे.

जाता जाता सांगतो. नोटीस तीन आठवड्यांनी निघाली, आमचे बादलीचे आकडे पाहून. पहिल्या रविवारी मी आणि माझ्या रूममेटने कपडे एकत्र टाकले. त्याचे मोजे माझ्या शर्टांबरोबर फिरताना बघवत नव्हतं, पण मैत्रीत एवढं चालायचंच. 'हाय' लावलं आणि पाइप ड्रममध्ये सोडला. दुपारी एकला गच्चीवर जाऊन टाकीत डोकावलो. अर्ध्याच्या वर पाणी होतं. खाली मेसमध्ये नळ चालू होता, आणि मावशी त्याखाली ताटं धूत होत्या.

पुढच्या वेळी मशीनपुढे उभे राहाल तेव्हा बटण दाबण्याआधी टबात एकदा डोकावून बघा. एवढंच मागणं आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी